पुंगळी काढण्याआधी

पिस्तूल अडकलं की बहुतेकांचा हात आपोआप स्लाइडकडे, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाकडे जातो. ओढायची, अडकलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, झटकून टाकायची आणि पुढची गोळी मारायची. सरावात हे चालून जातं, म्हणून हाताला सवय लागते. माझं म्हणणं आहे की हात तिथेच थांबवावा. नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवावी, बोट ट्रिगरच्या बाहेर घ्यावं आणि आधी नीट बघावं. पुंगळी कुठे आहे, अर्धी बाहेर आहे की चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) चिकटली आहे, तिच्या तोंडाची दिशा कोणती, अंगावर खूण काय. बिघाडाचा सगळा पुरावा त्या क्षणी डोळ्यांसमोर असतो. स्लाइड ओढली की तो खाली पडलेल्या शेकडो पुंगळ्यांत मिसळून जातो, आणि मग उरतात फक्त अंदाज.

मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. पॉइंट टू टू (.२२ इंची काडतुसाचं), अर्धस्वयंचलित, मॅगझीनमध्ये पाच राउंड, म्हणजे पाच काडतुसं. नोकरी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणीत. दिवसभर गेज, मायक्रोमीटर आणि ‘हा दोष नेमका कुठून आला’ हाच प्रश्न. नाशिकला या खेळाचं वातावरण जुनं आहे. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, इकडे १९३७ साली सुरू झालेली भोसला सैनिकी शाळा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीसाठी इथेच आला होता. २०२४ला पॅरिसमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं आणि आमच्या रेंजवर चौकशीला येणारे पालक एकदम वाढले. मुलांना पवित्रा, श्वास, ट्रिगर सगळं शिकवलं जातं. हत्यार कसं सांभाळायचं हे मात्र बहुतेक जण एकमेकांचं बघून शिकतात. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

माझं पिस्तूल जर्मन बनावटीचं आणि वापरलेलं आहे, एका ज्येष्ठ नेमबाजाकडून घेतलेलं. नव्याच्या किमतीत आमच्यासारख्यांचं वर्षभराचं बजेट संपतं, त्यामुळे या खेळात वापरलेली हत्यारं हातोहात फिरतात. अर्थात सगळं कागदोपत्री. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे परवान्याचं काम आयुक्तांकडे. ग्रामीण भागात ते जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. हत्याराचा क्रमांक पडताळला जातो, परवान्यावर नोंद होते, घेतलेल्या काडतुसांचा हिशेबही ठेवावा लागतो. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली, तेवढी धावपळ कमी झाली.

पहिले काही महिने पिस्तुलानं छान साथ दिली. पावसाळा सुरू झाला तसं ते अडायला लागलं. आधी कधीतरी, मग जवळजवळ प्रत्येक सरावात. कधी रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकायची. कधी ती चेंबरमध्येच राहायची आणि मागून येणारा नवा राउंड तिच्या बुडावर जाऊन आदळायचा. मधूनच स्लाइड पूर्ण पुढे न जाता केसभर मागे थांबायची. सांगायला लागले की प्रत्येकाकडे उत्तर तयार. काडतुसांचा लॉट बदल. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीला धरणारा आकडा) गेलाय, नवा मागव. मनगट सैल पडतंय तुझं. तेल कमी पडतंय. एकानं तर तेल जास्त झालंय असंही सांगितलं.

रेंजवरच्या सगळ्यात जुन्या काकांनी मात्र काहीच निदान केलं नाही. म्हणाले, “अगं, आधी मला पुंगळ्या दाखव. अडकलेल्या वेगळ्या आणि नीट पडलेल्या वेगळ्या.” कारखान्यात आम्ही हेच करतो. नाकारलेला माल वेगळ्या ट्रेमध्ये जातो, त्यावर चिठ्ठी लागते. त्या दिवसापासून मी दोन डबे ठेवायला लागले आणि वहीत तीन रकाने पाडले: कोणतं मॅगझीन, कितवा राउंड, काय झालं. मॅगझिनांवर मार्करनं अ, ब, क लिहिलं. ही वही माझ्या मते कुठल्याही महागड्या क्लीनिंग किटपेक्षा जास्त कामाची आहे.

बिघाड शोधायचा तर पिस्तूल चालतं कसं हे डोक्यात पक्कं हवं. पॉइंट टू टूचं बहुतेक स्पोर्ट पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचं असतं. म्हणजे गोळी सुटताना मागचं दार कुलूपबंद नसतं. स्लाइडचं किंवा बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच ते मिटलेलं राहतं. दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे. पुंगळीच बोल्टला मागे रेटत बाहेर येते, इजेक्टर नावाच्या स्थिर खुंटीवर आपटते आणि बाजूला उडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि तो जाता जाता मॅगझीनमधला वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये सारतो.

आता यातली मेख बघा. पुंगळी जर दाबानं स्वतःच मागे येत असेल तर एक्स्ट्रॅक्टरचं काम काय? मुख्यतः दोन कामं. मागे येणारी पुंगळी इजेक्टरला लागेपर्यंत नीट धरून ठेवायची, आणि न उडालेला राउंड हातानं काढताना बाहेर ओढायचा. याचा अर्थ असा की उडालेली पुंगळी चेंबरमध्येच चिकटून बसत असेल तर एक्स्ट्रॅक्टरवर लगेच ठपका ठेवता येत नाही. चेंबरच तिला धरून ठेवतंय का, हे आधी बघायला हवं. नवा एक्स्ट्रॅक्टर मागवायचा म्हणजे परदेशातून भाग येण्याची वाट बघणं आणि तोवर स्पर्धा निघून जाणं. एवढा एक विचार केल्यामुळे माझे ते दिवस वाचले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. सगळ्यात आधी काडतुसं. स्पोर्ट पिस्तुलाला स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं काडतूस लागतं. गोळी शुद्ध शिशाची किंवा जवळपास तशी, वजन साधारण २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. हाय व्हेलॉसिटीचा राउंड ३८०च्या घरात जातो. पिस्तूल अडतंय म्हणून कुणी ‘जोरदार काडतूस वापर’ असं सुचवलं तर ऐकू नये. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग आणि बोल्ट त्या माराच्या हिशेबानं केलेले नसतात. अडणं कदाचित थांबेल, पण आतले भाग रोज मार खात राहतील. मी वेगळ्या लॉटची, वेगळ्या कंपनीची स्टँडर्ड काडतुसं आणली. अडणं होतं तसंच राहिलं, फक्त थोडं कमीजास्त.

मग मॅगझीन. पॉइंट टू टूच्या पुंगळीला बुडाशी कड असते, रिम म्हणतो तिला. मॅगझीन भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे गेली की दोन्ही रिम एकमेकींत अडकतात आणि वरचा राउंड पुढे सरकत नाही. म्हणून घाईत भरू नये; प्रत्येक राउंड मागच्या भिंतीला टेकवत भरावा. मॅगझिनचे ओठ, म्हणजे राउंडला वरून धरणाऱ्या दोन पट्ट्या, पडल्यामुळे किंवा चिमटल्यामुळे किंचित जरी वाकडे झाले तरी राउंड चेंबरकडे तिरका जातो. माझ्या वहीत तिन्ही मॅगझिनांची नावं होती. ‘क’चं प्रमाण थोडं जास्त होतं खरं, पण ‘अ’ आणि ‘ब’सुद्धा सुटलेली नव्हती. म्हणजे मॅगझिनचा काही हात असेलही, मूळ दुखणं दुसरीकडेच होतं.

सफाईत काही कसूर आहे का, तेही बघितलं. पॉइंट टू टूची घाण वेगळ्या जातीची असते. गोळीवर मेणाचा किंवा ग्रीससारखा थर असतो, तो दारूच्या काजळीत आणि शिशाच्या कणांत मिसळून चिकट काळा लगदा होतो. तो नळीत फारसा त्रास देत नाही. त्रास देतो चेंबरच्या पुढच्या टोकाला, बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली. आकड्याखालचा लगदा टूथपिकनं खरवडून काढावा. स्टीलची टोकदार सुई तिथे वापरू नये, ओरखडे पडतात. नळीसाठी आवरण असलेली सळई आणि स्वच्छ पॅच पुरे. शक्यतो मागून पुढे, चेंबरकडून तोंडाकडे. रचनेमुळे तोंडाकडूनच सळई घालावी लागली तर ती तोंडाच्या कडेला घासणार नाही याची काळजी घ्यावी, कारण गोळी सुटते ती त्या कडेवरून. नळी फार चकचकीत करायचा अट्टहासही नको. साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, मेणाचा थर पुन्हा बसला की टार्गेटवरच्या भोकांचा गट परत एकत्र येतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी धुऊन काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि सफाईनंतर, सरावानंतर, हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये. शिसं शरीरात जातं ते असंच, हळूहळू. मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते.

चेंबर ब्रशनं लख्ख केलं. दोन-तीन मॅगझिनं सुरळीत गेली आणि पुन्हा तेच.

तेव्हा मी ते दोन डबे घेऊन बसले. ऑफिसमधली दहापट भिंगाची लूप सोबत होती. नीट पडलेल्या पुंगळ्या आणि अडकलेल्या पुंगळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी मांडल्या. पॉइंट टू टूला फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन, बुडाच्या मध्यावर बसत नाही, रिमच्या कडेवर बसते. तिथे चौकोनी खड्डा पडतो. तो खड्डा सगळ्यांवर सारखाच खोल होता, म्हणजे पिनच्या स्प्रिंगची तक्रार नव्हती. मग पुंगळीची बाजू. पितळेवर एक बारीक, सरळ ओरखडा. दुसरी उचलली, तिच्यावरही. नीट पडलेल्या डब्यातली घेतली, तिच्यावरही होता, फक्त पुसट. आणि प्रत्येक पुंगळीवर तो ओरखडा त्या पिनच्या खड्ड्याच्या बरोबर खालून, एका रेषेत निघत होता. मॅगझिनच्या ओठांनी घासलं असतं तर खूण दोन बाजूंना दिसली असती. ही एकच होती, आणि पिन जिथे बसते तिथेच.

लगेच फोन करून काकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग चेंबरच्या तोंडाशी बघ. पिन जिथे येते तिथे.” पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री केली, उघडलं, नळीचा भाग वेगळा केला आणि चेंबरच्या काठावर टॉर्चचा उजेड तिरका टाकला. काठावर, बरोबर पिनच्या जागी, खाच पडलेली होती आणि तिथला धातू दबून चेंबरच्या आत उचलला गेला होता. नखाला लागेल न लागेल एवढासाच उंचवटा. डमी, म्हणजे दारू नसलेला नकली राउंड आत सोडला तर तो शेवटच्या टोकाला अडखळायचा, अंगठ्यानं दाबला की बसायचा.

सगळी लक्षणं तिथे येऊन मिळाली. नवा राउंड आत जाताना त्या उंचवट्यावर अडखळतो, म्हणून स्लाइड केसभर मागे थांबते. गोळी सुटताना पितळ फुगतं आणि उंचवट्यावर घट्ट बसतं, म्हणून पुंगळी चिकटते. चिकटता चिकटता सुटलीच तर तिचा वेग मेलेला असतो, इजेक्टरवर ती जोरात आपटत नाही आणि मिटणाऱ्या स्लाइडमध्ये उभी सापडते. पावसाळ्यात हे वाढलं कारण दमट हवेत काजळीचा लगदा अधिक चिकट झाला आणि आधीच काठावर असलेली गोष्ट काठापलीकडे गेली.

ही खाच पडते रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत राहिल्यानं. हे ड्राय फायरिंग आमच्या सरावाचा प्राण आहे, पण रिमफायर, म्हणजे पिन रिमवर बसणाऱ्या हत्यारात चेंबर रिकामं असताना पिन पुढे आली तर तिच्यासमोर रिमचं मऊ पितळ नसतं, चेंबरचा काठ असतो. चांगल्या टार्गेट पिस्तुलांत ड्राय फायरसाठी वेगळी सोय असते, पिनवर आपटणारा हॅमर तिच्यापर्यंत न जाता ट्रिगर तेवढा सुटतो. शिवाय पिन ठराविक अंतराच्या पुढे जाऊ नये म्हणून एक अटकाव असतो. तो अटकाव झिजला की पिन काठाला भिडते. माझ्या हातात येण्याआधी हे बरीच वर्षं चाललं असणार.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला इथे एक वेगळीच अडचण येते. अंबड-सातपूरला मायक्रॉनमध्ये काम करणारे टूलरूमवाले गल्लोगल्ली आहेत. तो उंचवटा बसवणं त्यांच्यापैकी अनेकांना सहज जमेल. पण पिस्तूल त्यांच्या हातात देता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानंच करायची आणि विनापरवाना माणसाकडे हत्यार सोपवणं हाही गुन्हा. ओळखीच्या टर्नरकडे ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून नेण्याचा मोह कुणालाही होईल. तो टाळायलाच हवा, कायद्यासाठीही आणि चेंबरसाठीही. कानशीनं तिथला धातू घासला तर तिथे कायमचा खड्डा पडतो, पुढची पुंगळी त्या खड्ड्यात फुगते आणि रिम फुटायची भीती राहते.

मी परवाना आणि पिस्तूल घेऊन पुण्याच्या एका परवानाधारक कारागिरांकडे गेले. त्यांनी आधी परवाना बघितला, क्रमांक जुळवला, रजिस्टरमध्ये नोंद केली. मग चेंबरमध्ये भिंगातून बराच वेळ बघत बसले. “ताई, ह्यात घासायचं काहीच नाही. धातू गेलेला नाही, सरकलाय. सरकलाय तो परत सरकवायचा.” त्यांच्याकडे कडक केलेल्या पोलादाचा, चेंबरच्या मापाचा, टोकाला निमुळता आणि आरशासारखा घासलेला दांडा होता. तेलाचं बोट लावून तो चेंबरमध्ये घातला आणि थोडा थोडा दाबत, फिरवत उंचवटा मागे बसवला. मधे मधे काढून डमी राउंड सोडून बघायचे. एका क्षणी राउंड स्वतःच्या वजनानं आत घरंगळला आणि रिम काठाला टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा सोडून मला ऐकवला. नंतर पिन किती पुढे येते ते मोजलं, झिजलेला अटकाव बदलला. म्हणाले, “हे नसतं बदललं तर वर्षानं परत आला असतात.”

त्यानंतर चिकटणं थांबलं. वहीत अधूनमधून एखादी नोंद होत राहिली, आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी ‘क’ मॅगझिनची, तीही शेवटच्या राउंडला. शेवटच्या राउंडला अडणं म्हणजे स्प्रिंग थकल्याची खूण, कारण मॅगझीन रिकामं होत येतं तसा स्प्रिंगचा जोर कमी होत जातो. स्प्रिंग बदलली, प्रश्न मिटला. मूळ कारण दूर झाल्याशिवाय हे लहान कारण दिसलंच नसतं.

राउंड न उडणं हा वेगळा प्रकार, आणि त्यातही पुंगळीच बोलते. ट्रिगर ओढला, क्लिक झालं, गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडे धरून किमान ३० सेकंद थांबायचं. दारू कधी कधी उशिरा पेटते. मग राउंड काढून रिमवरचा खड्डा बघायचा. खड्डा खोल असेल तर दोष काडतुसाचा. रिमच्या त्या भागात पेटणारं मिश्रण नीट पसरलेलं नव्हतं. उथळ असेल तर दोष पिस्तुलात: पिनच्या वाटेत घट्ट झालेलं तेल, थकलेली स्प्रिंग, किंवा राउंड पूर्ण आत बसलेलाच नव्हता आणि पिनचा जोर त्याला पुढे ढकलण्यात खर्च झाला. आमच्या इथल्या एका मुलीच्या पिस्तुलात हेच शेवटचं निघालं.

सगळ्यात भीतीदायक बिघाड मात्र अडकत नाही, म्हणून सांगते. आवाज ‘फुस्’ असा आला, झटका जाणवलाच नाही, आणि टार्गेटवर भोक नाही. दारू अपुरी होती आणि गोळी नळीतच राहिली. अशा वेळी पुढची गोळी कुठल्याही परिस्थितीत मारू नये. मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं करायचं, रेंज ऑफिसरला बोलवायचं आणि सळई घालून नळी मोकळी आहे का ते तपासायचं. नळीत गोळी असताना दुसरी सुटली तर नळी फुगते, क्वचित फाटतेही. आवाज रोखणाऱ्या हेडफोनमुळे आवाजातला फरक कळत नाही अशी तक्रार असते, पण हाताला झटक्यातला फरक कळतो. कळलं नाही तरी शंका आली एवढंच कारण थांबायला पुरेसं आहे.

रेंजवरची शाळकरी मुलं पुंगळ्या गोळा करतात आणि विचारतात, “ताई, या परत भरता येत नाहीत का?” पॉइंट टू टूच्या नाही. तिचं पेटणारं मिश्रण रिमच्या पोकळीतच असतं. पिननं ती रिम एकदा चेपली की पुंगळी संपली. सेंटर फायरच्या काडतुसात, उदाहरणार्थ आमच्याकडच्या पुरुष नेमबाजांच्या .३२मध्ये, बुडाच्या मध्यावर वेगळा प्रायमर असतो. तो बदलून, पुंगळी मापात आणून पुन्हा भरणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं आणि काही देशांत खेळाडू ते घरी करतात. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळ्याची निर्मिती, आणि परवान्याशिवाय तशी निर्मिती केली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून उत्साहात येणाऱ्या तरुणांना मी हे स्पष्ट सांगते. दारू फार कमी पडली तर वर सांगितलेली ‘फुस्’ होते, आणि फार जास्त झाली तर हत्यार हातात फुटू शकतं. वापरलेल्या पुंगळ्या मोजून रेंजवर जमा कराव्यात.

स्पर्धेत तर ‘हात लावू नका’ हा चक्क नियम आहे. पाच गोळ्यांच्या मालिकेच्या मधे पिस्तूल अडलं तर ते लक्ष्याकडे धरून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरनं बघेपर्यंत बोल्टला, सेफ्टीला काही करायचं नाही. तुम्ही आधीच उघडलंत तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि उरलेल्या गोळ्यांचे शून्य गुण. पुंगळी बाहेर न पडणं, राउंड न उडणं हे ग्राह्य. मॅगझीन नीट न बसवणं, सेफ्टी न काढणं हे अग्राह्य. ग्राह्य बिघाडही ३० गोळ्यांच्या एका टप्प्यात एकदाच मागता येतो. रॅपिड, म्हणजे वेगवान टप्प्यात एका गोळीला तीन सेकंद मिळतात, त्यात घाबरलेला हात सवयीनं स्लाइड ओढतो. म्हणून हात वर करण्याचा सरावही करावा लागतो, डमी राउंड मधेच भरून. २०२१च्या टोकिओ ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिची लाखमोलाची मिनिटं गेली. त्याच मनूनं पॅरिसला दोन कांस्यपदकं घेतली. यंत्र बिघडणारच हे तिथल्या पातळीवरही खरं आहे.

पावसाळ्यासाठी माझी पद्धत आता ठरली आहे. पिस्तूल फोमच्या पेटीत फक्त ने-आण करण्यापुरतं. फोम ओल धरून ठेवतो आणि धातूवर त्याच आकाराचे गंजाचे ठिपके उठतात. घरी ते कुलपाच्या कपाटात, सुती कापडावर, सोबत सिलिका जेल. घामाचा हात लागलेली प्रत्येक जागा पातळ तेलाच्या बोटभर कापडानं पुसायची. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये फुगते आणि पकड वेगळी लागते. तिला लगेच कानस लावू नये, ऑक्टोबरच्या उन्हात ती पूर्ववत होते. आणि काडतुसांवर तेल येऊ द्यायचं नाही.

थंडीत गणित उलटं होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी रेंजवर बोटं वळत नाहीत एवढा गारठा असतो, आणि पावसाळ्यात गंजापासून वाचवायला लावलेलं जाड तेल तेव्हा डिंकासारखं बसतं. स्लाइड सुस्त होते. दिवाळीच्या आसपास सगळं तेल पुसून सरकत्या भागांवर पातळ तेलाचा एकेक थेंब एवढंच ठेवावं. पिनच्या वाटेत तर काहीच घालू नये.

वापरलेलं पिस्तूल घ्यायला निघालेल्यांनी लूप आणि टॉर्च खिशात ठेवावी. पिस्तूल रिकामं करून घ्यावं, विकणाऱ्याच्या समोर चेंबरचा काठ पिनच्या जागी बघावा, डमी राउंड स्वतःच्या वजनानं आत जातो का ते बघावं. मग रेंजवर त्यांच्याच काडतुसांनी दोन-तीन मॅगझिनं मारून पडलेल्या पुंगळ्या उचलाव्यात आणि पिनच्या खड्ड्याखाली ओरखडा आहे का ते तपासावं. असेल तर व्यवहार मोडलाच पाहिजे असं नाही, पण दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या आणि पिनचा अटकाव बदलल्याशिवाय ड्राय फायर सुरू करू नका.